दोन एकर वावर विकून ॲनालिटिक्स शिकावं का?

पत्र :

ताई, नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याजवळच्या एका खेड्यात राहते. वय २४, बी.कॉम. झालं आहे. तीन हंगामांपासून एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, ऑफिसात काम करते. काटापट्ट्या (वजनाच्या पावत्या) संगणकावर चढवते, टॅलीत चुकाऱ्याच्या, म्हणजे शेतकऱ्यांना दिलेल्या पैशांच्या, नोंदी करते, संध्याकाळी मालकांना एक्सेलमध्ये दिवसभराचा हिशोब देते. यंदा एमबीएची सीईटी दिली, ७९ पर्सेंटाइल आले. कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) फेरीत अमरावतीच्या एका कॉलेजात नाव लागलं आहे. तिथं फी वर्षाला ८५ हजार, आणि दुसऱ्या वर्षी ‘सिस्टिम्स’ हा विषयगट घेता येतो. त्याच आठवड्यात पुण्याच्या एका खासगी संस्थेतून बिझनेस ॲनालिटिक्सच्या पीजीडीएम या पदविकेला प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं. फी दोन वर्षांची साडेअकरा लाख, राहणं-खाणं वेगळं. ‘शंभर टक्के प्लेसमेंट, सरासरी पॅकेज सात लाख’ असं माहितीपत्रकात आहे. सोमवारपर्यंत ७५ हजार भरले नाहीत तर जागा जाईल, असे रोज फोन येतात. बाबांचं सात एकर कोरडवाहू वावर आहे. त्यातलं दोन एकर विकायला ते तयार आहेत. काका म्हणतात, पोरीवर एवढा पैसा कशाला. मला राग येतो, पण रात्री झोपही लागत नाही. या शाखेत नेमकं शिकवतात काय? माझं गणित कधीचं सुटलं आहे, झेपेल का? आणि पुणे की अमरावती?

उत्तर :

बेटा,

सोमवारी ते ७५ हजार भरू नकोस. बाकी सगळं सावकाश बोलू, पण एवढं आधी सांगते. तुझ्या हातात चारच दिवस आहेत आणि रोज फोन करणाऱ्याचा सगळा भर त्या चार दिवसांवरच आहे.

काकांचंही आधीच निपटवते. पोरीवर पैसा कशाला, असं ते म्हणतात. तुझ्यावर पैसा लागावा, भरपूर लागावा. मी थांब म्हणते त्याचं कारण वेगळं आहे, आणि ते तू जी विद्या शिकायला निघालीस तिच्यातच आहे. माझं उत्तर काकांना त्यांच्या बाजूचं म्हणून दाखवू नकोस.

आता तुझा पहिला प्रश्न, शिकवतात काय. तो तू विचारलास याचा मला फार आनंद झाला. सत्तावीस वर्षं मी मॅनेजमेंटच्या मुलांना हेच विषय शिकवले. प्रवेश घेण्याआधी हा प्रश्न विचारणारी मुलं माझ्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकीचे पॅकेज विचारायचे.

ही शाखा म्हणजे दोन विषयांचा जोड आहे. पहिला इन्फर्मेशन सिस्टिम्स, म्हणजे नोंद अशी ठेवायची की ज्याला लागेल त्याला, लागेल तेव्हा, खरी मिळावी. बेटा, तू तीन हंगाम हेच करते आहेस. तुझ्या फाइलमध्ये एकच कास्तकार तीन नावांनी असणार, हे मी न बघता सांगते. कुठं देवराव, कुठं देवरावजी, कुठं नुसतं आडनाव आणि गाव. हंगाम संपल्यावर मालक विचारतात, या माणसाचा यंदा एकूण किती कापूस आला, आणि तू तासभर शोधत बसतेस. त्यातच त्याच्या मोबाइलचा नंबर बदललेला असतो. एका पट्टीवर नवा, बाकी चाळीस पट्ट्यांवर जुना.

या दुखण्यावर १९७० साली आयबीएममधल्या एडगर कॉड नावाच्या संशोधकानं इलाज मांडला. नोंदी कोष्टकांत ठेवा, प्रत्येक ओळीला तिची एकमेव ओळख द्या, एक गोष्ट एकाच जागी लिहा, आणि कोष्टकं त्या ओळखीनं एकमेकांना जोडा. म्हणजे कास्तकारांचं एक कोष्टक, प्रत्येकाला एक नंबर. काटापट्ट्यांचं दुसरं, त्यात नाव नाही, फक्त तो नंबर, तारीख, वजन, ओलावा. चुकाऱ्याचं तिसरं. मोबाइल बदलला तर एकाच ओळीत बदलायचा. मग एसक्यूएल नावाच्या भाषेत चार ओळी लिहिल्या की मालकाच्या प्रश्नाचं उत्तर क्षणात येतं. बँक, सरकारी योजनांचं महाडीबीटी, सगळ्यांच्या पोटात आजही मुख्यतः हीच मांडणी आहे. डेटाबेसच्या पहिल्या वर्गात हेच शिकवतात, आणि ज्या मुलांनी कधी रजिस्टर भरलं नाही त्यांना ते समजायला महिना लागतो. तुला एक दुपार लागेल.

याच गटात सिस्टिम ॲनालिसिस येतं : कोणाला कोणती माहिती हवी, ती कुठून निघते, मध्ये किती हात लागतात, कुठं चूक शिरते. पुढे ईआरपी (कंपनीची सगळी कामं एकत्र सांभाळणारी प्रणाली), माहितीची सुरक्षा, प्रकल्प कसा चालवायचा, असे पेपर असतात. ते चांगले आहेत, पण पुस्तकातूनही होतात. डेटाबेस मात्र हातानंच शिकावा लागतो.

दुसरा विषय डिसिजन ॲनालिटिक्स. नोंद झाली, आता तिच्यावरून करायचं काय? यात संख्याशास्त्र येतं, रिग्रेशन येतं, अंदाज बांधणं येतं, लिनिअर प्रोग्रॅमिंग आणि सिम्युलेशन येतं. नावांना घाबरू नकोस, तुझ्या जिनिंगवरूनच सांगते.

१०० क्विंटल कापूस आला आणि रुईचा उतारा, म्हणजे कापसातून निघणाऱ्या रुईचं प्रमाण, ३४ टक्के पडला तर ३,४०० किलो रुई, म्हणजे १७० किलोच्या बरोबर २० गाठी. उतारा ३३ वर आला तर १९ गाठी होतात आणि विसाव्या गाठीला ७० किलो उरतात. एका टक्क्यात क्विंटलभर रुई गेली. तर उतारा कशानं खाली येतो? ओलाव्यानं? कोणत्या गावच्या मालानं? पहिला वेचा (पहिली वेचणी) आणि फरदड (हंगाम संपल्यावरही राखलेल्या पिकाचा कापूस) यांत किती फरक? मालक म्हणतील, मला हात लावला की कळते. खरंच कळतं त्यांना, मी त्या हाताचा मान ठेवते. पण तुझ्याकडे तीन हंगामांच्या पट्ट्या आहेत. ओलावा, गाव, तारीख एकीकडे आणि उतारा दुसरीकडे मांडून, प्रत्येक गोष्टीनं उतारा किती हलतो हे वेगळं काढणं म्हणजे रिग्रेशन. ओलाव्याचं महत्त्व तुला ठाऊकच आहे. सीसीआय या सरकारी कापूस महामंडळाच्या खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, १२ पर्यंत कपात, त्याच्यावर माल परत. एका आकड्यावर एक निर्णय ठरवून ठेवलेला आहे. आपल्याकडची पैसेवारी, म्हणजे पीक किती आलं याचा सरकारी अंदाज, हीही तशीच. पन्नास पैशांच्या आत की वर, त्यावर अख्ख्या गावाच्या सवलती ठरतात. तो आकडा कसा निघाला हे विचारणारा माणूस गावात असणं किती गरजेचं आहे, हे तुला सांगायला नको.

लिनिअर प्रोग्रॅमिंग हे बाबांच्या सात एकरांचं गणित आहे. सोयाबीन, कपाशी, तूर, कशाला किती एकर द्यायचे? जमीन सातच, हातात पैसा इतकाच, आणि वेचणीच्या दिवसांत मजूर मिळतील तेवढेच. या सगळ्या मर्यादांच्या आत जास्तीत जास्त उरेल अशी वाटणी कोणती? जॉर्ज डँट्झिग यानं १९४७ मध्ये असे प्रश्न सोडवायची सिम्प्लेक्स ही रीत काढली. आज ती एक्सेलच्या सॉल्व्हरमध्ये आहे, तू रोज उघडतेस त्याच एक्सेलमध्ये. ढेप, चुनी आणि मका किती मिसळला तर जनावराला पुरेसं प्रथिन मिळून खर्च कमीत कमी येईल, हाही त्याच रीतीचा प्रश्न.

पण या शाखेचं काळीज मला विचारशील तर ते निर्णयवृक्षात आहे, म्हणजे प्रत्येक पर्याय आणि त्यातून काय काय होऊ शकतं हे फांद्यांसारखं मांडलेल्या झाडात. इथं मी जरा थांबणार आहे, कारण तुझ्या पुणे-अमरावतीचं उत्तर मला इथूनच काढायचं आहे.

समज, घरी २० क्विंटल सोयाबीन आहे. आज बाजार समितीत भाव ४,२०० मिळतो. संक्रांतीपर्यंत ठेवलं तर काय होईल? समजा बाबांचा अंदाज असा की दहात चार वेळा भाव ५,००० होईल आणि सहा वेळा ३,८०० वर येईल. (हे आकडे मी समजण्यापुरते घेतले आहेत, यंदाचा भाव म्हणून धरू नकोस.) पाच हजाराचे चार हिस्से आणि अडतीसशेचे सहा हिस्से मिळून सरासरी निघते ४,२८०. ऐंशी रुपये जास्त दिसतात, म्हणून घर म्हणतं ठेवू. पण ठेवलेला माल वाळून वजनात घटतो, दुकानदाराच्या उधारीवर व्याज चढतं. क्विंटलमागे १५० धरले तर हातात येतात ४,१३०. म्हणजे आज विकलेलं बरं.

आता पुढचा प्रश्न, जो मला सगळ्यात आवडतो. कोणी देवमाणूस भेटला आणि संक्रांतीचा भाव आजच खरा सांगतो म्हणाला, तर त्याला किती पैसे द्यावे? त्यानं ‘चढणार’ सांगितलं तर आपण ठेवू आणि खर्च जाऊन ४,८५० घेऊ. ‘पडणार’ सांगितलं तर आजच ४,२०० ला विकू. चार आणि सहा हिश्शांनी सरासरी ४,४६० येते. माहितीशिवाय ४,२०० मिळत होते. म्हणून माहितीची किंमत क्विंटलमागे २६० रुपये, २० क्विंटलला ५,२००. त्याच्यावर एक रुपयाही देऊ नये. पण ती माहिती पाचशे रुपयांत मिळत असेल तर ती न घेता निर्णय घेणं हे नुकसान आहे. शास्त्रात याला माहितीचं मूल्य म्हणतात. निर्णय मोठा असेल आणि माहिती स्वस्तात मिळत असेल, तर आधी माहिती घ्यायची. मग निर्णय.

तुझा निर्णय आता त्याच झाडावर ठेव. एकीकडे साडेअकरा लाख, वर दोन वर्षांचं राहणं-खाणं. आणि तुला तीन गोष्टी माहीत नाहीत : हा विषय तुला आवडेल का, झेपेल का, आणि ती संस्था तो खरंच शिकवते का. तिन्हींची उत्तरं हजार-दोन हजार रुपयांत आणि काही आठवड्यांत मिळतात. फोनवरची ती व्यक्ती तुला ते आठवडे नाकारते आहे. माझा राग तिच्यावर आहे, तो लपवत नाही.

याला माझ्या घरचं एक कारण आहे. माझे वडील वणीकडचे कास्तकार. कापूस एकाधिकाराचे, म्हणजे कापूस फक्त सरकारलाच विकायचे, दिवस होते, चुकारा हातात पडायला वेळ लागायचा. तो आला तेव्हा त्यांनी त्यातले साडेचार हजार नागपूरच्या एका कॉम्प्युटर क्लासला माझ्यासाठी भरले. वर्गात चाळीस मुलं आणि चार मशीन. सहा महिन्यांनी सोनेरी काठाचं प्रमाणपत्र मिळालं, आणि पहिल्याच मुलाखतीत मला साधा प्रोग्राम लिहिता आला नाही. वडील काही बोलले नाहीत. त्या वर्षी दिवाळीला त्यांनी स्वतःसाठी धोतरजोडी घेतली नाही, हे मला मायनं फार पुढे सांगितलं. पुढे एम.एस्सी.ला एका सरांनी ऑपरेशन्स रिसर्च, म्हणजे हेच निर्णयाचं गणित, शिकवलं आणि माझं आयुष्य मार्गी लागलं, पण त्या साडेचार हजारांची टोचणी गेली नाही. त्या वेळी आधी चाखून बघायची सोय नव्हती. तुला आहे.

तर आज रात्रीपासून हे कर. एनपीटीईएल या संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्स आहेत, बघायला फुकट. डेटाबेसचा एक आणि बिझनेस स्टॅटिस्टिक्स किंवा ऑपरेशन्स रिसर्चचा एक निवड. जानेवारी आणि जुलैच्या सत्रांत नाव नोंदवता येतं. दर आठवड्याला असाइनमेंट असते. शेवटी नेमलेल्या केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची असेल तर एका कोर्सला हजार रुपये फी. असाइनमेंटला २५ टक्के आणि परीक्षेला ७५ टक्के वजन असतं. सत्र चालू नसलं तरी जुने व्हिडिओ खुले असतात, ते लगेच सुरू कर. चौथ्या आठवड्याची असाइनमेंट स्वतःच्या डोक्यानं सुटली तर झेपतं. ती सोडवताना जेवायला उशीर झाला आणि तुझ्या लक्षात आलं नाही, तर आवडतं. या दोन उत्तरांसाठी पुण्याला जावं लागत नाही.

गणिताची भीती मी मोडून काढली असती, पण खरं सांगते : थोडं गणित लागतंच. संभाव्यता, सरासरी आणि तिच्याभोवतीचा पसारा, समीकरणं, मॅट्रिक्सचा परिचय. बारावीच्या पुस्तकातलं संभाव्यतेचं प्रकरण आणि तुझ्या बी.कॉम.चं संख्याशास्त्र परत काढ, रोज एक तास. कॅल्क्युलसवाचून तुझं पहिलं वर्ष अडणार नाही. माझ्या वर्गात इंजिनिअर मुलं सूत्र भराभर लावायची आणि आलेलं उत्तर शक्य आहे का, हे बघायचीच नाहीत. एकदा एकानं एकरी चाळीस क्विंटल सोयाबीन काढलं होतं! गोंदियाकडच्या एका धान कास्तकाराच्या मुलीनं ते एका नजरेत पकडलं. ती नजर तुझ्याकडे आहे. तुझ्या जिनिंगला एका दिवसात किती कापूस येऊ शकतो आणि किती येऊच शकत नाही, हे तुला पाठ आहे. मशीनला ते पाठ नसतं. पायथॉन किंवा आर या भाषा नंतर शिक, आधी एसक्यूएल आणि एक्सेल पक्कं कर.

इंग्रजीचं तू लिहिलं नाहीस, पण ओळींच्या मधून दिसलं. कंपन्यांच्या केस-स्टडी इंग्रजीत वाचाव्या लागतात, सादरीकरण करावं लागतं. पहिले सहा महिने जड जातील, मग सरावतं. त्यासाठी वावर विकायची गरज नाही.

आता त्या माहितीपत्रकाकडे ये. सरासरी पॅकेज सात लाख. दहा मुलं घे, नऊ जणांना चार-चार लाख आणि एकाला चौतीस लाख. सरासरी बरोबर सात लाख येते, आणि सात लाख एकालाही मिळालेले नाहीत. म्हणून सरासरी विचारू नकोस, मध्यक विचार. मुलं पगाराच्या क्रमानं उभी केली तर मधल्याला किती मिळाले? इथं चार लाख. आणि ‘शंभर टक्के’ कशाचे, हेही विचार. पूर्ण वर्गाचे, की प्लेसमेंटसाठी नाव दिलेल्यांचे, की पात्र ठरवलेल्यांचे? एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्था किती मुलं पास झाली, किती नोकरीला लागली आणि पगाराचा मध्यक किती, ही माहिती सरकारला देतात, आणि ती संस्थेच्या संकेतस्थळावर असते. ती शोध. सापडली नाही तर फोनवर माग. ‘पाठवतो’ म्हणून पाठवली नाही, तर तेही एक उत्तरच आहे.

शिवाय अभ्यासक्रम माग, विषयवार तासांसह. डेटाबेस किती तास, त्यात लॅब किती? ऑप्टिमायझेशन (लिनिअर प्रोग्रॅमिंगसारखं) आहे का, की नुसते रंगीत डॅशबोर्ड बनवायला शिकवतात? शिकवणारे कायमचे आहेत की शनिवार-रविवारी येणारे? शेवटच्या प्रकल्पाला खरा डेटा मिळतो का? मागच्या वर्षी पास झालेल्या दोन मुलांशी बोल, पण ती संस्थेनं दिलेल्या नंबरांपैकी नकोत, तूच शोधलेली हवीत.

पुण्याच्या बाजूनं खरं तेही सांगायला पाहिजे. तिथं कंपन्या दारात येतात, अमरावतीत त्यांच्या दारात तुला जावं लागेल. वर्गातली मुलं देशभरातून आलेली असतात, आणि दोन वर्षं त्यांच्यात राहिल्यानं माणूस धीट होतो. याला किंमत आहे. चांगल्या संस्थेत ती किंमत वसूल होते, म्हणून एनआयआरएफचे आकडे बघायला सांगते. एक बारकावा राहिला : एमबीए ही विद्यापीठाची पदवी आहे, पीजीडीएम हा पदविका अभ्यासक्रम. त्यामुळे तो हलका ठरत नाही, पण त्याला एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता आहे ना, हे तपासावं लागतं.

पैशाचं बोलू. कॅपमधून प्रवेश घेण्यात तुझा मोठा फायदा आहे आणि पत्रात तू त्याचा उल्लेखही केला नाहीस, म्हणजे कोणी सांगितलं नाही. घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय राज्य सरकारनं जुलै २०२४ मध्ये घेतला. तो केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेल्यांसाठी आहे. मॅनेजमेंट कोट्यातून आलेल्यांना मिळत नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या शिष्यवृत्त्या वेगळ्या आहेत, आणि वसतिगृहासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे. उद्याच अमरावतीच्या कॉलेजात शिष्यवृत्तीचं काम बघणाऱ्या बाबूला भेट, तुझा प्रवर्ग आणि तुझा अभ्यासक्रम यांची सांगड घालून लिहून घे, आणि उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून काढायला टाक. उशीर तिथंच होतो. हे बसलं तर वर्षाचे ८५ हजारही बरेचसे वाचतील.

कर्जाचं गणितही मांडून ठेव. दहा लाख घेतले, निम्मे पहिल्या वर्षी आणि निम्मे दुसऱ्या, व्याज १० टक्के धरू. अभ्यासक्रम आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालू असतं. साध्या व्याजानंही तोवर अडीच लाख चढतात. साडेबारा लाख दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे साडेसोळा हजार. पॅकेजला बारानं भाग, पीएफ वगैरे कपात काढ, पुण्यातली खोली आणि डबा काढ, आणि मग त्यात हे साडेसोळा हजार बसतात का बघ. चार लाखांच्या नोकरीत ते बसवताना मुली रडलेल्या मी पाहिल्या आहेत.

तरीही कर्ज हे वावर विकण्यापेक्षा बरं. कर्ज फिटतं. दोन एकर एकदा दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर चढले की ते त्या भावानं परत येत नाहीत, आणि उरलेल्या पाच एकरांत बाबांचं वयही पुढे जात राहणार. जो निर्णय उलटा फिरवता येत नाही, त्याला जास्त माहिती लागते, हेही याच शाखेत शिकवतात. पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांमधल्या प्रवेशाला तारणाशिवाय आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. त्या यादीत तुझी पुण्याची संस्था आहे का, ते आजच बघ.

माझं मत असं. अमरावतीची जागा पक्की कर. दुसऱ्या वर्षी सिस्टिम्स घे आणि जमलं तर जोडीला ऑपरेशन्सचे विषय घे, म्हणजे दोन्ही अर्धे एकत्र येतील. ‘सिस्टिम्स’ हे जुनं नाव आहे, त्यावरून अभ्यासक्रम जुना समजू नकोस. पण लॅब बघून ये. कॉलेज जिथं कमी पडेल तिथं एनपीटीईएलचे कोर्स लाव, दर सत्रात एक. उन्हाळ्यातल्या प्रकल्पासाठी नागपूर-मिहानमधल्या कंपन्या, डाळ मिल, शेतकरी उत्पादक कंपन्या, जिल्हा बँक, सगळीकडे अर्ज कर. पुढे मोठ्या संस्थेची ओढ राहिलीच तर कॅट दर वर्षी होते, आणि आयआयएम २०१५ पासून आपल्या नागपुरातच आहे. तेव्हा तू या विषयात काम केलेली मुलगी म्हणून जाशील.

एकाच स्थितीत मी मत बदलेन. पुण्याच्या संस्थेचा मध्यक खरोखर सात लाखांच्या आसपास निघाला, ती विद्यालक्ष्मीच्या यादीत असली, अभ्यासक्रम भरीव असला आणि सोमवारची तारीख त्यांनी लेखी पुढे ढकलली, तर कर्ज तुझ्या नावानं घे आणि जा. वावर तरीही नाही.

बाबांशी तू बोल, काकांसमोर नको. संध्याकाळी वावरातून येताना धुऱ्यावर बोल. त्यांनी स्वतःहून दोन एकर काढायची तयारी दाखवली. आपल्या भागात पोरीसाठी हे किती बाप करतात, ते तुलाही माहीत आहे. वर सांगितलेलं सोयाबीनचं झाड त्यांना काडीनं मातीत काढून दाखव. दहात चार की दहात सहा, यावर ते तुझ्याशी वाद घालतील, घालू दे. त्यांचे आकडे तुझ्यापेक्षा बरे असतील.

आणि जिनिंग सोडण्याआधी मालकांना तीन हंगामांच्या पट्ट्यांची प्रत माग, कास्तकारांची नावं आणि मोबाइल नंबर काढून. त्यांना सांग की फुकट काम करून देते, उताऱ्याचा हिशोब लावून देते. नाही म्हणाले तर एकाच हंगामाच्या माग. गाव, तारीख, ओलावा आणि कितवा वेचा, एवढे चार रकाने पुरतील. जिथं उतारा लॉटवार, म्हणजे अनेक पट्ट्यांच्या मालाचा मिळून एकच, निघतो तिथं त्या लॉटमधल्या पट्ट्यांचा सरासरी ओलावा काढून जोड. पहिला निकाल हाती आला की मला पाठव. डिसेंबरचा वेचा आणि फरदड यांत तुमच्याकडे किती टक्क्यांचा फरक पडतो, हे मला खरंच बघायचं आहे.

तुझी,
ताई